मागच्या चाकाचं मडगार्ड

पाऊस पडेल की नाही, या काळजीनं आमच्याकडं सगळ्यांचीच झोप उडालेली असते. त्या वर्षी भाद्रपदात माझी झोप उडाली ती पाऊस पडला तर काय, या काळजीनं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. चार वर्षं कोरडी गेलेल्या वस्तीवर एक शिकलेली बाई आभाळाकडं बघून मनात म्हणते, 'आज नको रे बाबा', हे कळलं असतं तर लोकांनी मला हाकलून दिलं असतं. आणि त्यांचं काही चुकलंही नसतं.

कारण एवढंसंच होतं. माझ्या सायकलला मडगार्ड नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मडगार्डवर काय सांगण्यासारखं असणार. पण आमच्या महिला दूध संस्थेत किस्से साठायला कारण लागत नाही, वेळ लागतो. सकाळचं दूध मोजून झालं की टेम्पो येईपर्यंत तास-दीड तास बायका रिकाम्या कॅनवर बसून असतात. दुष्काळात दूध घटलं, टेम्पो आणखी उशिरा यायला लागला, तसे किस्से वाढले. दूध ठेवलं की नासतं. किश्शांचं तसं नाही. त्यात रोज थोडं पाणी घाला, फॅट वाढतच जातं.

मी संस्थेची सचिव. म्हणजे मशिनीवर दुधाचं फॅट काढायचं, ठराव लिहायचे आणि आमच्या चेअरमन कौसामावशी जे बोलतील ते कागदावर शुद्ध मराठीत आणायचं. संकलन केंद्र चौसाळ्याच्या कडेला, आमची वस्ती तिथून सहा किलोमीटर आत. नवरा साखर कारखान्यात, आणि मोटारसायकल त्याच्याबरोबर. सासूबाई मोठ्या दिरांकडं घाटनांदूरला. दूध साडेसहाला यायचं आणि एसटी नऊला. म्हणून मी सायकलनं जायचे आणि माझी जुई मागं कॅरिअरवर. केंद्रावरच तिची वेणी, तिथंच दूध-भाकरी, आणि दहाला ती समोरच्या शाळेत. आदल्या वर्षी बालवर्गात होती, त्या वर्षी पहिलीत.

ती माझ्यामागं बसली तर माझी नोकरी होती. नाही बसली तर नव्हती. इतकं साधं गणित होतं, आणि मी तेच रोज नव्यानं सोडवत होते.

*

सायकल तरी साधी असावी ना. धाकट्या भावानं पुण्यात शिकताना रेससाठी घेतलेली, आणि नोकरी लागल्यावर मला देऊन टाकलेली. बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल. ती चालवायची म्हणजे कमरेतून वाकावं लागतं आणि नजर आपोआप रस्त्यावर खिळते.

पहिल्या दिवशी ओढणी कमरेला बांधून मी अशी वाकून निघाले, तर फाट्यावर बसलेल्या एका आजोबांनी हाक मारून थांबवलं. काळजीनं म्हणाले, "बाई, काय पडलंय तुमचं? आमी हुडकू लागू का?"

भावाला फोन करून विचारलं, हिला मडगार्ड कसं काय नाही? तो म्हणाला, "ताई, मडगार्डनं वजन वाढतं. रेसमध्ये एकेक ग्रॅम महत्त्वाचा असतो."

माझ्यामागं अठरा किलोंची जुई, तिचं दप्तर, नमुन्याच्या बाटल्यांची पेटी आणि दोघींचे डबे. मी म्हटलं, बरोबर आहे. उगाच वजन नको.

*

खरं सांगायचं तर त्या काळात वस्तीवर कुणाच्याच सायकलला मडगार्ड नव्हतं, आणि त्याचं श्रेय कौसामावशींचं.

पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. त्याच्या पाइपाचा जोड गळका. ड्रम भरेपर्यंत दोन-तीन तांबे पाणी मातीत जायचं आणि ते कुणाला बघवायचं नाही. एका दिवशी कौसामावशी उठल्या, घराच्या भिंतीला लावलेल्या नवऱ्याच्या सायकलचं मागचं मडगार्ड पान्ह्यानं काढलं, आणि गळतीखाली उलटं धरून त्याची पन्हळ केली. एक थेंब सांडला नाही.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "सायकलीचं मडगार्ड कुठाय?"

"पाणी भरायलंय."

"आन् पाऊस आला मंजी?"

"आला तर दिते परत लावून. ये म्हणावं त्याला."

पुढच्या टँकरला सात बायका सात मडगार्डं घेऊन उभ्या. महिन्याभरात वस्तीवरच्या सगळ्या सायकली भादरलेल्या मेंढरांसारख्या दिसायला लागल्या. मडगार्डवाली सायकल दारात दिसली की समजायचं, पाहुणा आलाय.

*

मडगार्ड कशाला असतं ते मला कळलं आदल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला.

सकाळी निघताना बारीक पाऊस होता. कितीतरी महिन्यांनी आभाळातून काहीतरी पडत होतं, म्हणून मी खुशीत होते. चक्क गाणं म्हणत होते. मागून जुई बोलत नव्हती. मला वाटलं, पाठ केलेल्या घोषणा आठवत असेल. तिला झेंड्यासमोर पहिल्या रांगेत उभं राहायचं होतं.

केंद्रावर तिला उतरवलं आणि कॅनवर बसलेल्या बायका हसल्या. मग तिच्याकडं नीट बघून उठून जवळ आल्या. तिच्या पांढऱ्या ड्रेसवर कमरेपासून थेट वेणीच्या रिबिनीपर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा होता. मागचं चाक सहा किलोमीटर तिच्या पाठीवर लिहीत आलं होतं. माझ्या पाठीवर एक शिंतोडा नव्हता. सगळं तिनं झेललं होतं.

पुसून पुसून तो पट्टा आणखी रुंद झाला. शाळेत बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं, म्हणजे फोटोत दिसायला नको.

संध्याकाळी ती रडली नाही. रडली असती तर समजूत काढता आली असती. भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, "आता मी पावसात तुझ्या सायकलवर बसणार नाही."

आणि मग वर्षभर पाऊसच आला नाही. ती रोज बसत होती, रोज बडबडत होती, पण ते वाक्य तसंच शाबूत होतं. म्हणून त्या वर्षी भाद्रपदात ढग दिसायला लागले तशी माझी झोप गेली.

*

आधी रेनकोट बघितला. चौसाळ्याच्या दुकानदारानं मान हलवली. "ताई, चार साल झाले, छत्री बी ठिवत न्हाई मी. उन्हाची टोपी दिऊ का?" शेवटी नवऱ्यानं कुठूनतरी एक आणला, पण तो कमरेइतकाच. शिवाय वेणी आणि स्कर्ट चाकाच्या तावडीत होतेच.

मग मी शिकलेल्या बाईनं करायचं ते केलं. कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारलं: सहा वर्षांच्या मुलीला पावसात सायकलवर नेताना काय काळजी घ्यावी? एकीनं जांभळा बदाम पाठवला. एकीनं लिहिलं, व्हिटॅमिन सी दे. पुण्याच्या एकीनं लिहिलं, "अगं, पावसाळ्यात सरळ कारनं जा ना."

कौसामावशी शेजारीच बसल्या होत्या. "काय म्हणतेत तुझ्या मैत्रिणी?"

"कार घ्या म्हणतात."

मावशी म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. तिला चार मडगार्ड असतेत."

*

हनीफचाचांचं सायकलचं दुकान हायवेला, टायरांच्या ढिगाआड. माझ्या सायकलला कॅरिअर त्यांनीच बसवून दिलं होतं. मडगार्ड म्हटल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बेटा, चार साल में मडगार्ड कोई नै माँगा. निकालने कू सब आये. लगाने कू तू पहली आयी."

जुन्या सायकलचं एक मडगार्ड होतं त्यांच्याकडं. माझ्या चाकावर धरून बघितलं, तर लेकराला बापाची टोपी घातल्यासारखं दिसलं. अडकवायला दांड्याला भोकंच नव्हती. मग त्यांनी ब्रेक आणि टायर यांच्यामधल्या फटीत आगपेटीतली काडी घालून बघितली.

"काडी जाती," ते म्हणाले. "पेटी नै जाती. मडगार्ड तो भूल जा."

ते सायकलभोवती एक फेरी मारून आले. "इस सायकल कू चमडीच नै ना. निस्ती हड्डियां है."

माझा चेहरा बघून मात्र त्यांनी चष्मा परत नाकावर ओढला. "रोने का नै. आदमी थोडी है, सायकल है. इसका इलाज रहता."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लई टेन्शन घेतीस तू." ते मला माहीत होतं. माहीत असून कमी होत नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

*

महिन्याच्या सभेत आयत्या वेळचे विषय आले आणि कौसामावशी म्हणाल्या, "सचिवाच्या सायकलीचं घे."

मी दचकले. "मावशी, तो संस्थेचा विषय नाही."

"कावून न्हाई? जुई बसली न्हाई तर तू येशील का? तू आली न्हाई तर फॅट कोण काढंल? मी काढू? मला चष्मा लावून बी त्या मशिनीतला आकडा दिसत न्हाई."

आमच्या संस्थेत प्रत्येक ठरावाला हरकत घेणारी एक बाई आहे, सुभद्रा. तिनं हरकत घेतली नाही तर ठराव कच्चा वाटतो. ती म्हणाली, "पर एका बाईच्या पोरीसाठी ठराव कसा करायचा?"

मावशी म्हणाल्या, "मागल्या साली तुझ्या म्हशीच्या खुरासाठी डॉक्टर बोलवायचा ठराव केलता का न्हाई?"

"म्हशीचं येगळं हाय."

"हां. म्हैस दूध दिती. पोरगी काय दिती, असंच ना?"

सुभद्रानं पदर खोचून घेतला. मग म्हणाली, "लिव्ह. अनुमोदक म्हणून माझं नाव लिव्ह."

मी लिहिलं, 'सचिवांच्या सायकलीस मागील बाजूस चिखलरोधक बसविणेस ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.' वाचून दाखवल्यावर मावशींनी विचारलं, "ह्ये चिखलरोधक काय असतंय? आपल्याला मडगार्ड पायजे."

आणि मग कोण काय देणार ते ठरलं. कौसामावशींचा टँकरच्या पाण्याचा निळा ड्रम बुडाला फुटला होता, तो त्यांनी दिला. सुभद्रानं कॅनच्या झाकणाचं जुनं रबर दिलं. एकीनं चाऱ्याच्या पेंढ्या बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या. मी खाली मान घालून लिहीत राहिले, कारण वर बघितलं असतं तर अक्षर बिघडलं असतं.

पुढच्या आठवड्यात सहकार खात्याचे एक साहेब तपासणीला आले. सभेचं पुस्तक वाचता वाचता थांबले. "तालुका दुष्काळी जाहीर झालाय. आणि तुम्ही मडगार्डचा ठराव करता?"

मी सारवासारव करायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "साहेब, दुष्काळ तुमी जाहीर केलाय. आमी न्हाई केला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग सही केली आणि म्हणाले, "चहा मिळेल का?"

*

हनीफचाचांनी ड्रम बघितला आणि त्यांचे डोळेच चमकले. ड्रमची गोलाई आणि चाकाची गोलाई जवळजवळ सारखी. त्यांनी करवतीच्या पात्यानं ड्रमच्या अंगातून चार बोटं रुंद पट्टी कापली. ब्रेकखालून ती जात नव्हती, म्हणून मधोमध दोन तुकडे केले. एक ब्रेकच्या पुढं, एक ब्रेकच्या मागं. खिळा तापवून भोकं पाडली, पट्ट्यांनी दांड्याला आवळलं, खडखडू नये म्हणून जोडात सुभद्राचं रबर घातलं, आणि शेवटाला जुन्या ट्यूबचं जिभेएवढं कातडं लोंबतं सोडलं. मागच्या चाकाला निळं मडगार्ड. टायरपासून जोंधळ्याच्या दाण्याएवढं अंतर.

"फिटिंग देखो," असं म्हणत त्यांनी शेजारच्या केळीवाल्याला, त्याच्या गिऱ्हाइकाला आणि पंक्चरला आलेल्या एका मास्तरांना बोलावून दाखवलं. मी भावाला व्हिडिओवर दाखवलं. तो म्हणाला, "ताई, एकदम प्रो." वजनाचं त्यानं काही काढलं नाही.

दोन दिवसांनी रात्री एक सर पडून गेली. सकाळी आभाळ कोरडं होतं, म्हणून जुईला विचारायची वेळ आली नाही. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर काळ्या मातीची वाट आहे. चार वर्षं ती नुसती धूळ होती. ती ओली झाली की कणकेसारखी चिकट होते, हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो.

चाक दहा-बारा वेळा फिरलं आणि थांबलं. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या फटीत सगळी काळी माती जाऊन बसली होती. काडीनं कोरलं, तीन पावलं गेलो, परत थांबलं. दूध केंद्रावर पोचायची वेळ होत आलेली. शेवटी मी सायकल खांद्यावर घेतली. पुढं मी, मागं दप्तर आणि चपला हातात घेतलेली जुई.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "आई, आज सायकल तुझ्यावर बसली."

केंद्रावर पोचले तेव्हा मावशी चष्म्यावर भिंग धरून फॅटचा आकडा वाचत होत्या आणि सुभद्रा तो चुकीचा आहे म्हणून हरकत घेत होती.

दुपारी हनीफचाचांनी ते चाक बघितलं. हात लावला नाही. तसेच टायरांच्या ढिगावर बसले.

"मड का गार्ड बनाया," ते म्हणाले, "और मड आयेगा, येच भूल गया. चार साल धूल में बैठ के दिमाग सूख गया बेटा."

मग उठून त्यांनी सगळं सोडलं आणि पट्टी वर उचलून बांधली. कौसामावशी मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी टायर आणि मडगार्डच्या मधे आपली दोन बोटं उभी घातली, चाक एकदा फिरवलं आणि मान डोलावली. "आता जाईल."

*

आमच्या प्रत्येक सभेच्या शेवटी मी एक वाक्य लिहिते. 'अध्यक्षांच्या परवानगीने सचिवांनी सर्वांचे आभार मानले व सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले.' तेव्हा तीन वर्षं लिहीत आले होते. एकदाही मी उठून कुणाचे आभार मानले नव्हते. सभा संपायच्या आतच सगळ्या उठलेल्या असतात.

त्या महिन्यात मला वाटलं, आज खरंच मानावेत. उभी राहिले. "मला सगळ्यांना सांगायचंय," म्हणाले, आणि पुढं आवाजच निघेना. कॅनवरच्या बायका माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं. शिकलेल्या बाईचं भाषण असं असतं की काय, असा चेहरा करून सुभद्रा बसलेली.

मावशींनी सुटका केली. "रोज लिवतीस तसं लिव्ह. टेम्पो आलाय."

मी लिहिलं. त्या दिवशी ते वाक्य खोटं नव्हतं, एवढंच.

*

आणि मग तो आला.

पहाटेपासून धो धो. पत्र्यावर असा आवाज की शेजारचं माणूस बोललेलं ऐकू येईना. नवरा रात्रपाळीवरून परतला नव्हता. मी डबे भरले, बाटल्यांची पेटी बांधली. फोनमध्ये मावशींच्या मुलाच्या नावे निरोप लिहून ठेवला होता, 'आजपासून मला जमणार नाही, दुसरी सोय बघावी असं आईला सांग.' फक्त पाठवायचा राहिला होता. जुई नाही म्हणाली तर तिच्यावर ओरडायचं नाही, बोट दाबायचं आणि घरात बसायचं, असं मी ठरवलं होतं. मागल्या खेपेला तिनं सोसलं होतं. परत सोस असं तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?

ती युनिफॉर्म घालून दारात उभी राहिली. पावसाकडं बघितलं. सायकलकडं बघितलं. खाली वाकून मडगार्डच्या आत बघितलं. मी पेटीची दोरी परत आवळत राहिले. बोलले असते तर विनवणीच झाली असती.

"बघू," ती म्हणाली.

कौसामावशी एखाद्या ठरावाला अजून होकार द्यायचा नसेल तेव्हा म्हणतात, अगदी तसं.

काळी वाट आम्ही पायीच ओलांडली. मी सायकल ढकलत होते, आणि चाक फिरत होतं. डांबरीवर ती चढून बसली. मी वाकले आणि पायडल मारायला लागले.

मडगार्ड होतं ते फक्त मागच्या चाकाला. पुढचं चाक उघडंच होतं, आणि त्या वाकड्या हँडलमुळं माझं तोंड बरोबर त्याच्यावर. दुसऱ्याच मिनिटाला पायजमा गुडघ्यापर्यंत भरला. मग हात, मग हनुवटी. चष्म्यावरून बोट फिरवलं तर होतं तेही दिसेनासं झालं. शेजारून एक ट्रक गेला आणि त्यानं उरलेलं पूर्ण केलं. तोंडात माती कचकचत होती. पण माझं सगळं लक्ष पाठीमागं. मागून काहीच आवाज नाही.

"जुई, बरी आहेस ना?"

"हं."

या 'हं'चा अर्थ काय लावायचा? मी तीन किलोमीटर तोच लावत होते. आदल्या वर्षीही ती अशीच गप्प होती.

केंद्राच्या शेडमध्ये सगळ्या उभ्या होत्या. दूध मोजायचं थांबलं होतं. मला वाटलं, उशीर झाला म्हणून. तसं नव्हतं. कौसामावशी पावसात पुढं आल्या, जुईला कॅरिअरवरून उचललं, शेडमध्ये आणून उभं केलं, रेनकोट काढला आणि सगळ्यांसमोर तिला पाठमोरी केली.

सगळ्या वाकून बघायला लागल्या.

सुभद्रा पुढं झाली. हरकत घ्यायला जागा आहे का, ते बघायला. तिनं जुईचा शर्ट बघितला, स्कर्ट बघितला, वेणी उचलून खालून बघितली, रिबीन बोटांत चोळून बघितली. मग सरळ उभी राहिली.

"ठिपका न्हाई," ती म्हणाली. "एक ठिपका न्हाई."

मावशींनी जुईच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. शेडमध्ये कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. ती मीच होते. आणि त्या आवाजानं सगळ्या माझ्याकडं वळल्या.

मी चष्मा काढला. तेवढ्या दोन गोलांपुरती माझी कातडी दिसत असणार. बाकी केसांपासून चपलेपर्यंत मी चौसाळ्याचा रस्ताच होते.

सुभद्रानं तोंडाला पदर लावला. "आगं बया. जुये, ही कोण आणलीस तू संगं?"

मग ज्या हसल्या सगळ्या. कुणी कॅनवर बसली, कुणी खांबाला धरलं. मावशींना तर ठसका लागला. मीही हसले, दातांवरची माती थुंकत हसले, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते चिखलामुळं कुणाला कळलं नाही.

जुई मात्र हसली नव्हती. ती माझ्याजवळ आली. माझ्या ओढणीचं एक स्वच्छ टोक शोधलं, मिळालं नाही. मग आपल्या हातानंच तिनं माझी हनुवटी पुसली. हाताकडं बघितलं, सायकलच्या पुढच्या चाकाकडं बघितलं, मागच्या चाकाकडं बघितलं, आणि परत माझ्याकडं.

"आई," ती म्हणाली, "उद्या तू मागं बस."